आमची वाटचाल : कार्ब्युरेटरपासून नारंगी केबलपर्यंत

डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अव्हेन्यूपासून जवळच आमचं गॅरेज आहे. १९६४ ते १९७१ या काळातल्या अमेरिकन मसल कारची, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाड्यांची, दुरुस्ती हे आमचं मूळ काम. पुढे त्याच गाड्यांत नवी इंजिनं बसवायची कामं आली, मग नव्या गाड्याच दुरुस्तीला येऊ लागल्या. आता एका कोपऱ्यात ४०० व्होल्टची गाडीही उभी असते. जुनी भारी की नवी, हे आम्हाला जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. आम्ही त्याला उलट विचारतो, की तुमची गाडी अडते कुठे? जुन्या गाडीत इंजिनाचा जोर भरपूर असतो, पण टायर आणि ब्रेक त्याला पुरत नाहीत. नवीला उष्णता आणि सॉफ्टवेअर आवरतं. विजेवरची गाडी वजनाशी झगडते.

आधी आकड्यांचं बोलू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. १९७१ पर्यंत कंपन्या ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर छापत. म्हणजे इंजिन स्टँडवर चढवायचं, एअर क्लीनर, सायलेन्सर, अल्टरनेटर काही न लावता मोजायचं. १९७२ पासून सगळं लावून मोजलेली ‘नेट’ हॉर्सपॉवर आली. कॉर्व्हेटच्या साध्या ३५० क्युबिक इंची इंजिनावर १९७० साली ३०० लिहिलेलं होतं. १९७१ साली कॉम्प्रेशन ८.५ पर्यंत उतरवल्यावर २७०, आणि १९७२ साली तेच कॉम्प्रेशन असताना २००. या शेवटच्या घसरणीत इंजिन फारसं बदललेलं नाही, मोजमाप बदललं. म्हणून १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ मधल्या एलएस६ इंजिनाचे ४५० हॉर्सपॉवर आजच्या मस्टँग जीटीच्या ४८० शेजारी मांडून ‘फक्त तीसचा फरक’ असं म्हणणं चुकीचं आहे. आजचा आकडा नेट आहे.

सुरुवातीच्या कामात इग्निशन आणि कार्ब्युरेटर हेच मुख्य. जनरल मोटर्सच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काचा, ड्वेल (तो बंद राहतो तो कोन) ३० अंशांवर ठेवायचा. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी सिलिंडरना वाटणाऱ्या भागाच्या) झाकणाला छोटी खिडकी असते, तिथून ॲलन की घालून इंजिन चालू असतानाच तो जुळवता येतो. ड्वेल आधी आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नंतर. क्रम उलटा केला की टायमिंग पुन्हा हलतं. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करायचं, आयडलला ८ ते १२ अंश आणि ३,००० आरपीएमला एकूण ३६ च्या आसपास ठेवायचं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारे बरेच जण एक गोष्ट विसरतात. पॉइंटसाठी कॉइलला रेझिस्टन्स वायरमधून कमी व्होल्टेज दिलेलं असतं, तर नव्या युनिटला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. जुन्याच वायरवर जोडलं की गाडी गरम झाल्यावर मिसिंग मारते आणि दोष मात्र नव्या युनिटवर जातो.

रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटरची तक्रार ठरलेली: रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. फ्लोट बाउलच्या (आतल्या पेट्रोलच्या वाटीच्या) खालचे वेल प्लग पाझरतात आणि बाउल रिकामा होतो. कार्ब्युरेटर उघडून ते प्लग साफ करून इपॉक्सीने बंद करायचे. नुसती किट बदलून हा दोष जात नाही.

इथेनॉल महाराष्ट्रात साखर कारखान्यांमुळे घरोघरी माहीत आहे. अमेरिकेत ते मक्यापासून बनतं आणि बहुतेक पंपांवर १० टक्के मिसळलेलंच असतं. साठच्या दशकातल्या रबरी नळ्या आणि डायफ्राम त्याला टिकत नाहीत. नळी आतून सुटते, तिचे काळे कण नीडल सीटमध्ये (पेट्रोल थांबवणाऱ्या झडपेत) अडकतात आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. गरम इंजिनावर ओसंडलेलं पेट्रोल म्हणजे आगच. म्हणून गाडी आली की पहिल्यांदा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदलतो, जे३०आर९ दर्जाची.

दुसरा छुपा शत्रू इंजिन ऑइल. या इंजिनांत टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तुकड्याचा) तळ सपाट असतो आणि तो कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) घासत फिरतो. त्याला जस्त-फॉस्फरसचा थर लागतो. आजच्या साध्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) वाचवण्यासाठी फॉस्फरस कमी केलेला आहे. नवा कॅम बसवला की पहिल्या स्टार्टपासून २० ते ३० मिनिटं इंजिन २,००० ते २,५०० आरपीएममध्ये वरखाली करत ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. कॅमवर ऑइल उडतं ते क्रँकच्या वेगामुळे, आयडलला ते पुरेसं उडत नाही. म्हणून स्टार्टच्या आधीच टायमिंग अंदाजे जुळवलेलं, कार्ब्युरेटर भरलेला आणि रेडिएटर पूर्ण भरलेला हवा. स्टार्टरवर दहा-बारा वेळा घरघर केलेला कॅम आम्ही बदललेलाच बरा मानतो.

इथवर गाडी पळते. ती थांबवायची कशी, या प्रश्नाने आमचं काम वाढवलं. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकला पोचवणारा भाग) एकाच सर्किटचा होता, एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. चार ड्रम आणि वर ३०० हून अधिक हॉर्सपॉवर, असा तो हिशोब. आम्ही दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क सुचवतो, मूळ इंजिन असलेल्या गाडीतही, कारण हे बदल बोल्ट उघडून परत फिरवता येतात. चूक होते ती मास्टर सिलिंडर जुना ड्रमचाच ठेवल्यामुळे. त्याच्यातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, पण डिस्कला लागला की पॅड घासत राहतात आणि काही मैलांत चाक हात लावू नये इतकं तापतं. सोबत मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही हवा, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

अलाइनमेंटचंही तसंच. मूळ मॅन्युअलमधले कॅस्टरचे (स्टेअरिंगच्या आसाच्या पुढेमागे कलाचे) आकडे जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरचे, शून्याच्या आसपासचे. आज रेडियल टायर टाकून तेच आकडे ठेवले की गाडी हायवेवर भटकते. पॉवर स्टेअरिंग असेल तर ३ ते ५ अंश पॉझिटिव्ह कॅस्टर द्यावा. सस्पेन्शनवर हजारो डॉलर टाकायच्या आधी हे एवढं करून बघा.

खरेदीआधी तपासणीसाठी येणाऱ्या गाड्यांचं कामही यातूनच सुरू झालं. पत्रा आणि कागद दोन्ही बघावे लागतात. १९६५ ते १९६८ च्या मस्टँगमध्ये विंडस्क्रीनखालचा काउल व्हेंट आतून गंजतो. त्याच्यात बादलीभर पाणी ओतायचं, आत पायाशी ओल आली तर काम मोठं आहे. शेव्हेल वेगळ्या फ्रेमवर आहे, तिथे मागच्या चाकांवरची फ्रेम टोचून बघायची. कागदाचं म्हणाल तर १९६४-६५ चा पाँटियाक जीटीओ हा लेमान्सवरचा ऑप्शन होता, त्यामुळे व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) तो ओळखता येत नाही. १९६६ पासून त्याला स्वतःचे २४२ हे आकडे मिळाले. १९७० ची शेव्हेल एसएस आहे की नाही हेही व्हीआयएन सांगत नाही. नुसता बॅज बघून पैसे देऊ नका.

मग आली इंजिन बदलायची लाट. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ इंजिन आलं आणि त्या कुटुंबातलं ६.२ लिटरचं एलएस३ क्रेटमध्ये (खोक्यात सुटं इंजिन म्हणून) ४३० हॉर्सपॉवरला मिळू लागलं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, थंडीत पहिल्या सेल्फला स्टार्ट. बसवताना तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, इंधनाचा दाब: कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय पुरे, याला ५८ लागतात, म्हणून टाकीतच पंप आणि रेग्युलेटर हवा. दोन, ऑइल पॅन क्रॉसमेंबरला (फ्रेमच्या आडव्या पट्टीला) टेकतो. वेगळा पॅन घ्या, क्रॉसमेंबर कापू नका. तीन, हेडवरची वाफेची छोटी नळी. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडलीच पाहिजे. बंद करून टाकली तर हेडमध्ये हवा अडकते, काटा ठीक दाखवतो आणि गॅस्केट मात्र जातं.

नव्या गाड्यांत पाना कमी, लॅपटॉप जास्त. २०१५ च्या चॅलेंजर हेलकॅटने ७०७ हॉर्सपॉवर आणली, क्वार्टर माइल (सुमारे ४०० मीटर) ११.२ सेकंद. शेव्हेल एलएस६ ला त्या काळच्या चाचण्यांत १३ च्या पुढेच लागत. पण सुपरचार्जर हवा दाबतो तशी तापवतोही. लागोपाठ दोन-तीन धावा झाल्या की इंटरकूलरचं (ही हवा थंड करणाऱ्या भागाचं) पाणी गरम होतं, संगणक टायमिंग मागे घेतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, पिकअप गेला. बिघाड काहीच नसतो. २०१८ च्या चॅलेंजर डीमनमध्ये तर हे पाणी थंड करायला एसीचा गॅस वापरला होता. वापरलेली गाडी घेताना ओबीडी स्कॅनरवर (गाडीचा संगणक वाचणाऱ्या यंत्रावर) रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का) बघा. बरेच ‘नॉट रेडी’ असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. पोर्ट इंजेक्शन नसलेल्या थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या) इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. पेट्रोलमध्ये घालायची औषधं तिथे पोचतच नाहीत, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ती काढावी लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचं काम आम्ही घेत नाही. ते क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे.

चॅलेंजर आणि कॅमारो २०२३ च्या अखेरच्या सुमारास थांबल्या. पुढचं चित्र अजून एका दिशेचं नाही. विजेवरची डॉज चार्जर डेटोना स्कॅट पॅक ६७० हॉर्सपॉवरची, क्वार्टर माइल साधारण ११.५ सेकंद, म्हणजे हेलकॅटच्या मागोमाग. वजन मात्र २,६०० किलोच्या वर, हेलकॅटपेक्षा सहाशे किलो जास्त. त्याच चार्जरमध्ये तीन लिटरचं ट्विन-टर्बो सहा सिलिंडरही मिळतं. कॉर्व्हेट ई-रेने पुढच्या चाकांना मोटर आणि मागे व्ही८ असा मध्यममार्ग काढला, ६५५ हॉर्सपॉवर. आम्हाला विचाराल तर पुढची काही वर्षं हाच मार्ग चालेल.

विजेच्या गाडीला लिफ्टवर घेताना पॅड ठरलेल्या जागीच लावायचे, इंचभर चुकलं तर बॅटरीचं कवच दबतं. नारंगी केबलला (बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या तारेला) हात लावण्याआधी सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरी तोडणारा प्लग) काढायचा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, मग मीटर आधी चालू स्रोतावर, नंतर गाडीवर, पुन्हा चालू स्रोतावर तपासायचा. मीटरच बिघडलेला असेल तर शून्य दाखवेल, म्हणून ही तिहेरी तपासणी. क्लास शून्य (विजेपासून वाचवणारे रबरी) हातमोजे, वर चामड्याचे. प्रत्येक वेळी हवा भरून भोक बघायचं.

जुन्या गाडीला मोटर बसवायची चौकशीही येते. फोर्डची एल्युमिनेटर मोटर ९३ किलोची, २८१ हॉर्सपॉवर, ४३० न्यूटन-मीटर. पण इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा), बॅटरी, चार्जर आणि कूलिंग वेगळं घ्यावं लागतं. टेस्ला मॉडेल एसचं एक बॅटरी मॉड्यूल सुमारे २५ किलो, ५ किलोवॉट-तासांचं, २२ व्होल्टच्या आसपास. अशी १६ सिरीजमध्ये लागली तर ३५० व्होल्ट होतात. जागा नाही म्हणून आठच बसवली की व्होल्टेज निम्मं होतं आणि मोटर वरच्या वेगाला दम सोडते. सगळी मॉड्यूलं डिकीत घातली तर पुढची चाकं हलकी पडून स्टेअरिंग बिघडतं, म्हणून निम्मी पुढे, निम्मी मागे. इंजिनाचा व्हॅक्यूम गेल्यामुळे ब्रेक बूस्टरला वेगळा विजेचा पंप हवा, पॉवर स्टेअरिंगलाही. गाडीचा मूळ इंजिन ब्लॉक जागेवर असेल, त्याच्यावर गाडीचाच नंबर ठोकलेला असेल, तर हे काम आम्ही नाकारतो. इंजिन आधीच गेलेलं आणि शेल गंजापासून वाचलेलं असेल, तर गाडी घेऊन या. आधी काट्यावर चारही चाकांचं वजन करू, खर्चाचं नंतर बोलू.