जातं, चक्की आणि सरंजामदार

नागपूरच्या महाल भागात माझी पिठाची चक्की आहे. सकाळी गहू-ज्वारीच्या डब्यांची रांग लागते, दुपारी जरा उसंत मिळते. त्या उसंतीत मुलीची बी.ए.ची इतिहासाची वही चाळत होतो. युरोपातल्या सरंजामशाहीच्या पानावर त्रिकोण काढलेला: वर राजा, मग सरदार, मग नाइट म्हणजे घोड्यावरचे लढवय्ये, तळाशी शेतकरी. ती म्हणाली, "बाबा, हे पाठ होते, पण ही माणसं एकमेकांना बांधली कशी गेली ते कळत नाही." तिचा प्रश्न मला सोडेना. महिनाभर मिळेल ते वाचलं, आणि वाचता वाचता पोहोचलो तो थेट चक्कीवरच.

सुरुवात भीतीतून झाली. पश्चिम युरोपचा बराच भाग ताब्यात असलेला राजा शार्लमेन 800 साली सम्राट झाला, पण 843 मध्ये व्हर्दनच्या तहात त्याच्या नातवांनी राज्य तीन ठिकाणी वाटून घेतलं. उत्तरेकडून व्हायकिंग हे दर्यावर्दी लुटारू नावा घेऊन नद्यांतून आत शिरत. 885 मध्ये त्यांनी पॅरिसलाच वेढा घातला. पूर्वेकडून मग्यार घोडेस्वार येत. राजाची फौज निघून पोहोचायला आठवडे लागत आणि गाव जळायला एक रात्र पुरे. मग लोक जवळच्या गढीवाल्याच्या आडोशाला गेले. त्या गढीवाल्याला घोडदळ हवं, पण नाणं दुर्मीळ. घोडा, साखळ्यांचं चिलखत आणि लढाईची वर्षानुवर्षांची तालीम यांचा खर्च भागवायचा कसा? जमीन देऊन.

सरंजाम हा शब्द आपलाच. फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल म्हणजे सरंजाम. म्हणून मराठीत हे नाव बसलं. पण तिकडचा शपथविधी वेगळाच होता. 1127 साली ब्रूज शहरात फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडचा मुलूख) नव्या काउंटपुढे, म्हणजे तिथल्या सत्ताधीश सरदारापुढे, काय झालं ते त्या काळच्या एका लेखनिकानं लिहून ठेवलंय. काउंट विचारतो, "तू पूर्णपणे माझा माणूस व्हायला तयार आहेस का?" समोरचा हो म्हणतो आणि जोडलेले हात काउंटच्या हातांत देतो. मग चुंबन, मग संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथ. धनी रक्षण करणार आणि जमीन देणार, शपथ घेणारा लढायला येणार. वर्षाला साधारण 40 दिवस, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज पडला. हळूहळू ती जमीन बापाकडून लेकाकडे जाऊ लागली. मात्र वारसाला नजराणा भरावा लागे. तो इतका मनमानी होता की 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी घेतलेल्या सनदेत, बॅरनच्या (बड्या सरदाराच्या) वारसाला 100 पौंड अशी मर्यादा घालावी लागली. कुणी दोन-दोन धन्यांकडून जमिनी घेतल्या. ते दोघे आपसात भांडले की पंचाईत! त्यामुळे तो सरळ त्रिकोण मला पटत नाही. तो गुंता होता आणि गावागणिक निराळा होता.

पण हात हातात देऊन शपथ घेणारे सगळे वरचे. ज्याच्या धान्यावर हे उभं होतं, तो आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतात फुकट राबत असे, आणि कापणीला त्याहून जास्त. गाव सोडायचं तर परवानगी, मुलीचं लग्न करायचं तर दंड. घरचा कर्ता गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याच्या दारात.

माझी आजी उमरेडकडची. मालगुजाराच्या बिगारीचं सांगायची, "पयले मालगुजाराचं वावर, मंग आपलं." पाऊस दोघांच्या वावरात एकाच दिवशी पडतो, हे तिचं दुःख होतं. मालगुजारी म्हणजे युरोपातली सरंजामशाही नव्हे. मालगुजार सरकारला सारा भरायचा, त्याच्याकडून कुणी फौज मागत नव्हतं. ती 1951 साली संपली. पण आजीचं ते वाक्य तिकडच्या शेतकऱ्यानं जसंच्या तसं म्हटलं असतं.

आणि चक्की. साधारण इसवी सन 1000 च्या आसपास गढीवाल्यांनी हुकूम चालवायला सुरुवात केली: दळण आमच्याच चक्कीवर, भाकरी आमच्याच भट्टीत, द्राक्षं आमच्याच घाण्यात. दरवेळी धान्यातून वाटा कापला जाई. इंग्लंडच्या 1086 च्या पाहणीत जवळपास 6000 चक्क्या नोंदल्या आहेत, बहुतेक पाण्यावर चालणाऱ्या. माझ्याकडे पीठ जाडं निघालं तर गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे जातं. ती मोकळीक किती मोठी आहे हे मला पन्नाशीत समजलं.

1191 मध्ये इंग्लंडातल्या बरी सेंट एडमंड्स गावी हर्बर्ट नावाच्या धर्माधिकाऱ्यानं पवनचक्की उभारली. तिथल्या मठाचा मुख्य सॅमसन संतापला. हर्बर्टचं म्हणणं, वाऱ्याचा फायदा कुणालाही घेता यावा, आणि मी फक्त माझंच धान्य दळीन. सॅमसननं शपथ घेतली की ती पडेपर्यंत भाकरी खाणार नाही. त्याची माणसं पोहोचण्याआधी हर्बर्टनंच ती उतरवून टाकली.

इंग्लंडातल्याच सेंट ऑल्बन्सला तर लोक घरातल्या जात्यावर दळत, तेही मठाला सहन झालं नाही. 1330 च्या सुमारास मठाचा मुख्य होता रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड, लोहाराचा मुलगा, ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं घड्याळ रचणारा विद्वान. त्यानं घराघरातली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारखे बसवले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. आजीच्या जात्याचा खुंटा तिच्या तळव्यानं गुळगुळीत झालेला होता. पहाटे चारला ती घरघर ऐकत मी वाढलो. ते कुणी उचलून नेऊन त्यावर पाय ठेवले असते तर?

पन्नास वर्षं त्या दगडांच्या फरशीवरून मठातली माणसं चालली. मधे 1348 ची प्लेगची साथ आली. माणसं मेली, मजुरीला भाव आला, आणि 1351 च्या कायद्यानं तो भाव दाबायचा प्रयत्न झाला. 1381 च्या जूनमध्ये शेतकरी उठले. सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले आणि ती फरशी उखडली. दगड फोडून, चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे एकेक तुकडा आपसात वाटून घेतले आणि घरी नेले.

उठाव महिन्याभरात चिरडला गेला. पुढारी फासावर गेले, मठाकडून लिहून घेतलेले हक्क रद्द झाले. ते तुकडे ज्यांनी घरी नेले होते, त्यांच्या आज्यांनी त्याच दगडांवर दळलं होतं.