कुठलं लागलंय?

बँकेतलं पासबुक छापायचं मशीन बंद होतं. ‘चारनंतर या,’ असं सांगणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की चारनंतरही ते बंदच असणार. तरी थांबले. भर दुपारी घरी जाऊन पुन्हा बाहेर पडणं मला या जन्मी जमायचं नाही. पाय तलावपाळीकडे वळले. होड्या काठाला बांधलेल्या, भेळवाले अजून यायचे होते, कोपिनेश्वराबाहेरची फुलवाली पेंगत होती. आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, मी गडकरी रंगायतनसमोर उभी राहून नाटकांचे बोर्ड वाचतेय. वरून खाली, मग पुन्हा पहिल्यापासून.

नाटकाला जायचं होतं असं नाही. नुसतेच बोर्ड.

सवय बाबांची. गडकरी १९७८ साली उघडलं, तेव्हा मी सहा वर्षांची. नौपाड्यात दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. संध्याकाळी कुकर लागला की बाबा चपला घालायचे. ‘चल, कुठलं लागलंय बघून येऊ.’ बोर्डापुढे हात मागे बांधून उभे राहायचे आणि नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना असं सगळं पुटपुटत वाचायचे. भूमिकेत कुणी बदललं असेल तर नुसतं ‘हं’. त्या ‘हं’मध्ये अख्खं परीक्षण असायचं. मग म्हणायचे, ‘बघू, पुढच्या प्रयोगाला.’ की खाऱ्या दाण्यांची पुडी, तळ्याला एक चक्कर आणि घर.

कितीतरी दिवस माझी समजूत होती की नाटक बघणं म्हणतात ते हेच. शाळेत बाईंनी विचारलं, नाटक कुणी कुणी पाहिलंय? मी हात वर केला. काय होतं गं त्यात? म्हटलं, ‘लाल अक्षरं होती. खाली निळी.’

खरंखुरं नाटक वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्याचं तिकीट काढणं हाच एक वेगळा अंक असे. प्लॅन उघडायच्या दिवशी बाबा आंघोळही न करता रांगेत. खिडकीपलीकडचे काका चौकटींचा तो मोठा कागद पुढे सरकवायचे. काही चौकटींवर आधीच फुल्या. बाबा चष्मा कपाळावर चढवून कागदावर वाकायचे आणि मागची रांग चुळबुळायला लागायची. ‘कडेची द्या.’ कडेची का? तर मध्येच उठावं लागलं तर कुणाला त्रास नको. उठले कधीच नाहीत. मध्यंतरातसुद्धा नाही. आई आणि मी बटाटेवडा खायला बाहेर, हे आत, पडलेल्या पडद्याकडे बघत बसलेले. आता मोबाइलवर खुर्ची निवडता येते, बोटाने टिचकी मारली की ती रंग बदलते. मी अजूनही कडेचीच निवडते.

बाहेरगावचे पाहुणे आले की विचारतात, ठाण्यात बघायला काय आहे? मला दरवेळी घाम फुटतो. उपवन आहे, येऊर आहे, १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण पाहुण्याला पुस्तकांची कपाटं काय दाखवणार? शेवटी तळ्याभोवती फिरवून आणते आणि मिसळ खायला घालते. तक्रार कुणी केलेली नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ती पहिली गाडी निघाली, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, १४ डबे आणि ४००च्या आसपास माणसं घेऊन. ती मंडळी ठाण्याला उतरली, पण उतरून त्यांनी बघितलं काय? तेव्हा ना गडकरी, ना मिसळ. माझा अंदाज, त्यांनीही तळ्याला एक चक्कर मारली असणार.

घोडबंदर रस्त्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालं, चांगलं मोठं झालं. पण नौपाड्यातून बोर्ड वाचायला रिक्षा करून जायचं म्हणजे जरा अतीच. बाबांनी त्याला मनातून ठाण्यात धरलंच नव्हतं.

शेवटच्या वर्षात त्यांचं बाहेर पडणं थांबलं. मी संध्याकाळी ऑफिसातून आले की पलंगावरून पहिला प्रश्न, ‘कुठलं लागलंय?’ म्हणून मी स्टेशनवरून वाट वाकडी करून गडकरीवरून यायचे आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगायचे, प्रकाशयोजनेसकट. एकदा फार दमले होते, सरळ घरी आले आणि एका जुन्या नाटकाचं नाव ठोकून दिलं. शनिवार, दुपारी साडेचार. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळे मिटूनच म्हणाले, ‘नेपथ्य कुणाचं?’

मला सांगता आलं नाही.

‘हं,’ म्हणाले.

आज मागून एका मुलाने विचारलं, ‘काकू, तिकिटाची खिडकी कधी उघडते?’ म्हटलं, ‘संध्याकाळी. कडेची घे.’ त्याने माझ्याकडे जरा चमत्कारिकच बघितलं. चार वाजत आले होते. मी पुन्हा बँकेत गेले. मशीन बंदच होतं.