धुक्यात सिग्नल कानाने ऐकायचा

दाट धुक्यात ट्रेनच्या ड्रायव्हरला सिग्नल दिसतो तरी कसा? खरं सांगायचं तर बऱ्याचदा वेळेत दिसतच नाही. भरधाव गाडी थांबायला किलोमीटरभरही लागू शकतो आणि दिवा दिसतो तो अगदी तोंडाशी आल्यावर, मग लाल दिसला काय नि पिवळा दिसला काय.

यावरचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे फटाका. खरोखरचा फटाका! १८४१ च्या सुमारास एडवर्ड काउपर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने काढलेली ही युक्ती, एक चपटी डबी, आत स्फोटक, दोन बाजूंना शिशाच्या मऊ पट्ट्या, त्या वाकवून डबी रुळावर घट्ट बसवायची आणि चाक वरून गेलं की धाड! वाफेच्या इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू जाणार, ना वायर ना बॅटरी, त्यामुळे बिघडायला काही नाहीच. मला तर हे जाम आवडतं.

आता हे फटाके लावायला माणूस लागतो. ब्रिटनमध्ये फॉगमन असायचे, थंडीत सिग्नलपाशी शेगडी पेटवून बसायचे, सिग्नल अडवलेला असेल तर फटाका रुळावर, मोकळा झाला की काढून घ्यायचा. भारतात पद्धत वेगळी, इथे सिग्नलच्या किमान २७० मीटर आधी दोन फटाके साधारण १० मीटर अंतराने लावतात, सिग्नल कुठल्याही रंगात असो. म्हणजे आवाज फक्त एवढंच सांगतो की बाबा सिग्नल येतोय, डोळे उघडे ठेव.

पण माणूस पोचायला उशीर झाला तर? म्हणून ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०६ पासूनच इंजिनातच आवाज द्यायची सोय करायला घेतली, रस्ता मोकळा तर घंटा, सावधान तर भोंगा. बाकीच्यांनी मात्र वर्षानुवर्षं चालढकल केली. ४ डिसेंबर १९५७ ला लंडनजवळ लुईशमला धुक्यात वाफेच्या गाडीच्या ड्रायव्हरचे पिवळे सिग्नल हुकले, लाल कळेपर्यंत उशीर झालेला, गाडी पुढच्या लोकलवर आदळली आणि ९० माणसं गेली. असली यंत्रणा असती तर हा अपघात टळला असता असं चौकशीतच म्हटलंय, आणि यंत्रणा तर पन्नास वर्षं जुनी होती, याचा राग येतो.

आता आपल्याकडे लोको पायलटकडे जीपीएसवर चालणारं फॉग डिव्हाइस असतं, पुढचा सिग्नल किती मीटरवर आहे ते स्क्रीनवर आणि आवाजात सांगतं. भारी आहे, पण सिग्नल लाल आहे की हिरवा हे त्याला कळत नाही, तो डोळ्यांनीच बघायचा. कवच या भारतीय रेल्वेच्या स्वयंचलित सुरक्षा यंत्रणेत ती माहिती थेट इंजिनात येते आणि ड्रायव्हरने ब्रेक नाही मारला तर सिस्टिम स्वतः मारते. पण ते अजून सगळ्या मार्गांवर पोचलेलं नाही, तोवर धुक्यात फटाके वाजत राहणार.