वरची बाई

"बाळा, फोटोत वरची बाई आली पाहिजे हं."

आज सीएसएमटीसमोर साताऱ्याच्या एका काकूंनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. मी म्हटलं, "कुठली बाई?"

जणू मीच परगावचा पाहुणा, असं बघितलं त्यांनी माझ्याकडे. "अरे ती काय, घुमटावर! एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक."

चौदा वर्षं रोज इथून जातोय. स्टेशन २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, हे झोपेतही सांगेन. कुठल्या डब्यात चढलं की ठाण्याला जिना समोर येतो, तेही. पण मान वर? ती फक्त इंडिकेटरपर्यंत.

फोटो काढला. बाई आली, काकांचं डोकं कापलं गेलं.

काकू म्हणाल्या, "चालतंय, ह्यांना घरी बघतेच की."