उंबऱ्यापासून 7 फूट 3 इंच

पहिलं पत्र मी रागात लिहिलं. वहीची चार पानं. सुरुवात संथ वाहणाऱ्या कृष्णामाईपासून, मग 1929 चा आयर्विन पूल, मग 2005, 2019, 2021 चे महापूर, झोपलेलं प्रशासन, बोटीतून हात हलवणारे पुढारी, आणि शेवटी 'सांगलीकरांनो, जागे व्हा!' लिहून इतकं हलकं वाटलं की त्याच रात्री मोबाइलवर टाइप करून धाडून दिलं. खाली नाव-पत्ता घालायचं भानही राहिलं नाही. पुढचे पंधरा दिवस पेपर आला की आधी वाचकांची पत्रं उघडायची. छापून काही येईना.

म्हणणं तसं एवढंसंच होतं. पावसाळ्यात आमच्याकडं जो भेटेल तो विचारतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे त्या पुलापाशी मोजलेली कृष्णेची पातळी किती फूट झाली. 40 फूट इशारा पातळी, 45 धोक्याची, हे पोरासोरांनाही पाठ. पण 45 म्हणजे माझ्या गल्लीत पाणी कुठपर्यंत? मारुती चौकाजवळ राहणाऱ्याचं उत्तर वेगळं, विश्रामबागेतल्याचं वेगळं. 2019 ला आम्ही "अजून वेळ आहे" म्हणत चहा पीत बसलो आणि फ्रिज, पिठाची चक्की, पोराची दहावीची पुस्तकं, सगळं पाण्यात घालवलं. म्हणून वाटायचं, प्रत्येक गल्लीच्या तोंडाला विजेच्या खांबावर रंगानं खुणा कराव्यात: आयर्विनला इतके फूट झाले की इथं पाणी.

शेवटी पत्राची प्रत घेऊन त्या दैनिकाच्या कार्यालयातच गेलो. टेबलावरच्या उपसंपादकांनी चारही पानं वाचली, हे त्यांचे उपकार. मग चष्मा काढून म्हणाले, "हे पत्र नाही हो, अग्रलेख आहे. आणि तो आमच्याकडं साहेब लिहितात." दीडशे शब्दांत बसवा म्हणाले, मागणी एकच ठेवा, खाली नाव, पत्ता, फोन घाला. मी उठलो तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या गल्लीत कितीला पाणी येतं, मोजलंय का?"

मोजलं नव्हतं. इतकी वर्षं तावातावानं बोलत होतो, पण मोजलं नव्हतं.

घरी येऊन टेप काढला. पुढच्या खोलीचा रंग आम्ही नव्यानं दिलाय, पण जिन्याखाली पुराचा डाग अजून तसाच आहे, वर पिवळट, खाली गाळाचा करडा. उंबऱ्यापासून 7 फूट 3 इंच. आता उंबऱ्याला पाणी कधी लागलं ते हवं होतं. ते निघालं समोरच्या किराणा दुकानात. मालकांनी शटरच्या आतल्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: '48 गटार उलटं. 50 पायरी.' त्यांची पायरी आणि आमचा उंबरा एका पातळीत. 2019 ला आयर्विनला पाणी गेलं होतं 57 फूट 6 इंचांवर. त्यातून 50 वजा केले, साडेसात फूट. माझा डाग तीन इंचांनी कमी. टेप हातात धरून मी बराच वेळ नुसता उभा होतो. म्हणजे हे सांगता येतं की!

दुसरं पत्र तिथंच सुरू झालं: 'आमच्या जिन्याखाली पुराचा डाग आहे, उंबऱ्यापासून 7 फूट 3 इंचांवर.' पुढं पेन्सिलीची नोंद, मग हिशेब, मग मागणी. कृष्णामाई काढताना जीव तुटला. पुढारी आणि बोट गेली, ते वाक्य मला फार आवडायचं. बायकोनं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ठीक आहे, पण अधिकाऱ्यानं हे वाचून उद्या सकाळी करायचं काय?" म्हणून 'झोपलेलं प्रशासन' खोडून तिथं 'एक डबा ऑइलपेंट, एक पेंटर आणि गल्लीतला एक जुना माणूस' असं लिहिलं. झोपलेला म्हटल्यावर कोण कशाला उठतोय?

आठव्या दिवशी फोन आला, पत्र तुमचंच ना म्हणून. दहाव्या दिवशी छापून आलं. मथळा त्यांचा, शेवटची ओळ गायब, आडनावात एक काना जास्त. कात्रण बायकोनं शोकेसच्या काचेत खोचलं.

सरकारी उत्तर अजून काही नाही. पण मंडळाच्या पोरांनी गणपतीच्या मांडवासाठी आणलेला लाल रंग उरला होता, त्यांनी कोपऱ्यावरच्या खांबावर 48, 50, 52 अशा पट्ट्या मारल्या. आकडा अजून ओला होता, तेवढ्यात पलीकडच्या बोळातले एक आजोबा काठी टेकत आले, खांबाकडं बघितलं आणि म्हणाले, "50 इथं न्हाई. चार बोटं खाली घ्या. मी हितंच हुतो त्या राती."

पोरांनी रॉकेलचा बोळा घेऊन 50 पुसला.