दोन स्पेसचं व्याकरण

टर्मिनलवर कमांडपुढे --हेल्प लिहून एंटर दाबलं की जो मजकूर सरसर वाहत जातो, तो माणसाच्या डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. डावीकडे ऑप्शनची नावं, उजवीकडे त्यांचा खुलासा, मध्ये मोजूनमापून सोडलेल्या स्पेस. यादी अशी आयती समोर असताना टॅब दाबल्यावर शेलने, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, हीच का दाखवू नये, असं कुणाच्याही मनात येतं. टॅबवर असं शब्द सुचवण्याला कम्प्लिशन म्हणतात. वीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये काम होईलसं वाटतं, आणि वीस ओळींत ते बरंचसं होतंही. उरलेल्यासाठी दोनशे लागतात.

शेलची बाजू सोपी आहे. बॅश या शेलमध्ये २००० सालच्या २.०४ आवृत्तीपासून हे दार उघडं आहे: एक फंक्शन लिहायचं, ‘कम्प्लीट -एफ’ने ते कमांडला जोडायचं, आतापर्यंत टंकलेले शब्द एका अ‍ॅरेत मिळतात, सुचवायचे शब्द दुसऱ्या अ‍ॅरेत ठेवायचे. टंकलेल्या अक्षरांशी जुळणारे निवडायचं काम ‘कॉम्पजेन -डब्ल्यू’ करतो. झीशेल या दुसऱ्या शेलमध्ये तर _ग्नू_जेनेरिक नावाचं तयार फंक्शन आहे. कॉम्पडेफच्या एका ओळीत ते हव्या त्या कमांडला बांधलं की ते स्वतःच --हेल्प चालवून ऑप्शन वेचतं. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या शिस्तीत वाढलेल्या कमांडींवर ते छान चालतं. बाकीच्यांवर नशीब.

खरी गंमत मजकूर मिळवण्यापासूनच सुरू होते. --हेल्प म्हणजे मदत, हा संकेत आहे, कायदा नव्हे. बॅशमधल्या एकोला --हेल्प दिलं तर तो निमूटपणे ‘--हेल्प’ हाच शब्द छापून मोकळा होतो. बीएसडी घराण्यातला ‘येस’ तोच शब्द अखंड छापत बसतो, कुणी थांबवेपर्यंत. सोलारिसवरचा ‘किलऑल’ तर नावाप्रमाणे खरोखरच सगळ्या प्रोसेस मारायला बसलेला. अशाला सहज म्हणून काही विचारायला जाऊच नये. म्हणून सिस्टमवरची प्रत्येक कमांड आपोआप चालवून बघणारी स्क्रिप्ट लिहिणं हा शुद्ध आगाऊपणा. फिश शेलने इथे शहाणपण दाखवलं: त्याचं कम्प्लिशन बनवणारं साधन प्रोग्रॅम चालवतच नाही, त्याचं मॅन पेज, म्हणजे सोबतची माहितीपुस्तिका, वाचतं.

तरी चालवायचंच, तर आधी थोडा बंदोबस्त करावा. ‘टाइमआउट’ लावून दोन सेकंदांची मुदत द्यावी. स्टँडर्ड इनपुट /डेव्ह/नल या कायम रिकाम्या फाइलकडून द्यावा, नाहीतर एखादी कमांड कीबोर्डची वाट बघत बसते. काही प्रोग्रॅम मदत स्टँडर्ड एररवर छापतात, म्हणून दोन्ही प्रवाह एकत्र करावेत. एलसी_ऑल=सी ठेवून मदत मूळ भाषेतच मागावी, कारण भाषांतरित मदतीत ‘फाइल’ या अर्थाचा शब्द प्रत्येक भाषेत वेगळा येईल आणि आपले नियम आंधळे होतील. एक्झिट कोडवर, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो त्या आकड्यावर (शून्य म्हणजे ठीक), विसंबू नये: गिटची सबकमांड (मुख्य कमांडच्या पोटातली कमांड) ‘-एच’ दिल्यावर व्यवस्थित मदत छापते आणि तरी १२९ कोड देऊन बाहेर पडते. त्याच सबकमांडला --हेल्प दिलं तर सबंध मॅन पेज उघडतं, तो आणखी वेगळा प्रकार.

मजकूर हाती आला की वाचायचा कसा? ओळीच्या सुरुवातीला इंडेंट, मग डॅश, मग नाव, आणि दोन किंवा जास्त स्पेसनंतर खुलासा, हा मूळ नियम. ‘डॅशने सुरू होणारा प्रत्येक शब्द उचल’ असा सोपा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) लिहिणाऱ्याला एलएस या फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडची जुनी मदत लगेच धडा शिकवते. तिथे ‘-एफ’चा खुलासा असा: क्रम लावू नका, ‘-एयू’ सुरू करा, ‘-एलएस --कलर’ बंद करा. खुलाशातले हे डॅश उचलले की टॅबवर ‘-एयू’ नावाचा ऑप्शन दिसू लागतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळे ऑप्शन एकत्र लिहिलेले आहेत.

पायथनमध्ये ऑप्शन वाचणाऱ्या आणि मदत छापणाऱ्या आर्गपार्स लायब्ररीची तऱ्हा आणखी निराळी. खुलासे २४व्या कॉलमपाशी सुरू व्हावेत असा त्याचा आग्रह असतो. ऑप्शनचं नाव त्यापेक्षा लांबलं तर खुलासा खालच्या ओळीवर ढकलला जातो. ओळ कुठे मोडायची हे तो टर्मिनलच्या रुंदीवरून ठरवतो. अरुंद खिडकीत बनवलेलं कम्प्लिशन आणि रुंद खिडकीत बनवलेलं कम्प्लिशन वेगळं निघालं तर नवल वाटू नये. कॉलम्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २०० वगैरे ठेवला की हा त्रास बराच मिटतो. शिवाय पायथन ३.१३च्या आधी आर्गपार्स ‘-ओ फाइल, --आउटपुट फाइल’ असं दोनदा लिहायचा, ३.१३पासून ‘-ओ, --आउटपुट फाइल’ असं एकदाच लिहितो. प्रोग्रॅमचा एक शब्द न बदलता रेजेक्स मोडायची ही सोय.

कंसांचं वेगळंच राज्य आहे. ‘--[नो-]व्हेरिफाय’ म्हणजे एकाच ओळीत दोन ऑप्शन. ‘--कलर[=व्हेन]’ म्हणजे किंमत (ऑप्शनला द्यायचं मूल्य) ऐच्छिक, पण द्यायचीच तर बरोबरच्या चिन्हाने चिकटवून; स्पेस देऊन लिहिली तर एलएस तिला फाइलचं नाव समजतो. किंमतीची जागा फाइल की फोल्डर की आकडा, हे त्या मोठ्या अक्षरांतल्या शब्दावरून ताडायचं. फाइल, डीआयआर, नम यांवर अंदाज बसतो. ‘व्हॅल्यू’ किंवा ‘एआरजी’वर काहीच बसत नाही, आणि अशा ठिकाणी खोटा अंदाज करण्यापेक्षा गप्प राहणारं कम्प्लिशन बरं. एलएसच्या ‘--सॉर्ट=वर्ड’ची सगळी वैध उत्तरं मदतीत आहेत, पण ती वाक्यात विखुरलेली, स्वल्पविराम आणि कंसांच्या गर्दीत. ती हाताने लिहिलेली बरी. दोन मिनिटांचं काम आहे.

सबकमांड असतील तर त्याच कामाची आवर्तनं. प्रत्येकीला --हेल्प विचारत खाली उतरायचं. ‘हेल्प’ ही स्वतःच एक सबकमांड असते आणि तिच्या मदतीत पुन्हा सगळी यादी असते, त्यामुळे खोलीला मर्यादा घातली नाही तर स्क्रिप्ट ‘हेल्प हेल्प हेल्प’ करत पाताळात जाते. तीन पातळ्या बहुधा पुरतात.

लिहून काढतानाही ठेच लागतेच. झीशेलच्या _आर्ग्युमेंट्स या फंक्शनमध्ये खुलासा चौकोनी कंसात जातो, म्हणून खुलाशातला चौकोनी कंस बॅकस्लॅशने झाकावा लागतो, आणि किंमतीच्या वर्णनात आलेला विसर्गचिन्हासारखा कोलनसुद्धा. इंग्रजी ‘डोन्ट’मधला एवढासा अ‍ॅपॉस्ट्रॉफी निसटला तर सबंध फाइल कोसळते, आणि चूक दाखवली जाते चाळीस ओळी खाली. सगळं दुरुस्त करूनही टॅबवर जुनंच दिसत असेल तर होम फोल्डरमधली .झेडकॉम्पडम्प फाइल पुसून नवं शेल उघडावं. निम्म्या तक्रारी तिथेच विरतात. बॅशमध्ये बरोबरचं चिन्ह शब्द तोडतं, म्हणून ‘--कलर=ऑ’ एवढं टंकल्यावर फंक्शनच्या हाती तीन तुकडे येतात. मधला तुकडा ओळखून मागे वळून बघायला फंक्शनला शिकवावं लागतं.

हे सगळं दर टॅबला करायचं की एकदाच? सी मध्ये लिहिलेली छोटी कमांड डोळा लवायच्या आत मदत छापते. तिथे दर टॅबला चालवलं तरी कळत नाही. इंटरप्रिटर उठवून डझनभर लायब्ररी ओढणाऱ्या प्रोग्रॅमचं तसं नाही. टॅब दाबून अर्धा सेकंद वाट बघण्यापेक्षा माणूस शब्द टंकून मोकळा होतो. तेव्हा एकदाच बनवावं, फाइल हाताने तासून घ्यावी, आणि प्रोग्रॅमची फाइल बदलल्याची वेळ पुढे सरकली की नवी कम्प्लिशन फाइल बनवून जुनीशी डिफ करून, म्हणजे फरक काढून, बघावी.

प्रोग्रॅम आपला असेल तर मात्र मदत वाचत बसायचं कारणच नाही. गोमधला कोब्रा, रस्टमधला क्लॅप, पायथनमधला क्लिक, या ऑप्शन वाचणाऱ्या लायब्ररींना ऑप्शनची मूळ व्याख्याच ठाऊक असते आणि त्यावरून कम्प्लिशन काढायची सोय त्यांच्याकडे आहे. उलट्या टोकाला डॉकऑप्ट आहे. तो मदतीचा मजकूरच व्याख्या मानतो: आधी मदत लिहा, त्यावरून पार्सर (ऑप्शन वाचणारा भाग) तो बनवेल. तिथे ऑप्शन आणि खुलासा यांच्यात दोन स्पेस लागतातच. चुकून एकच सोडली, तर खुलाशाचा पहिला शब्द त्या ऑप्शनची किंमत ठरू शकतो, आणि कालपर्यंत एकटा चालणारा ‘--व्हर्बोज’ आज आपल्यापुढे काहीतरी लिहा म्हणून अडून बसतो.