बनाना ब्रेडचा मधला कच्चा भाग: माझा अनुभव

बनाना ब्रेड सगळ्यात सोपा, असं जो तो सांगतो. केळी कुस्करा, सगळं एकत्र करा, ४५ मिनिटं भाजा, झालं. कुस्करणं आणि एकत्र करणं खरंच तितकं सोपं आहे. त्या ४५ मिनिटांबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि आता दर वेळी ब्रेड चांगला होत असूनही ती गेलेली नाही.

सुरुवातीचं पटकन सांगून टाकते. साल पिवळी असेपर्यंत केळ्याला हात लावायचा नाही. काळे डाग सालभर पसरायला हवेत, अर्धी साल काळी झाली तर आणखी उत्तम. केळं पिकतं तसं त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो खास वासही याच काळात येतो. केळी काट्याने कुस्करायची, मिक्सर नको. वितळलेलं बटर, साखर, अंडी त्यात फेटायची. मैदा, बेकिंग सोडा आणि मीठ एकत्र चाळून वरून घालायचं आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. जास्त घोटलं तर ग्लुटेन तयार होऊन ब्रेड चिवट होतो, आत उभी लांब भोकं पडतात. इथपर्यंत माझं कधीच काही अडलं नाही.

अडलं ते ओव्हनमध्ये. ब्रेड बाहेर काढला की वरून सुरेख तांबूस, मधोमध भेग पडलेली, घरभर वास. कडेचे दोन-तीन काप एकदम मस्त निघायचे. सुरी मध्यावर आली की तिच्या पात्याला राखाडी, चिकट लगदा लागायचा. तळापासून बोटभर वर, ब्रेडच्या लांबीत एक ओला पट्टा. मिश्रण तेच, टिन तोच, वेळ घड्याळ लावून मोजलेली. दहा मिनिटं वाढवली तर कडा करपायच्या आणि पट्टा तसाच. चिडचिड याची व्हायची, की पाककृतीत याबद्दल अवाक्षर नसतं. फार तर ‘टूथपिक घालून बघा, कोरडी आली की ब्रेड झाला.’ माझी टूथपिक कोरडीच यायची!

मग या टूथपिकपासूनच शोध सुरू केला. मुळात ती आखूड असते, उंच ब्रेडच्या पोटापर्यंत पोचतच नाही. त्यात ती कुठे टोचायची हे कुणी सांगत नाही. सगळ्यात शेवटी शिजतो तो भाग भेगेच्या बरोबर खाली, खोलवर असतो. बोटभर बाजूला टोचलं तरी ती खुशाल कोरडी येते. उलटही होतं, ब्रेड झालेला असतो आणि टूथपिक नेमकी केळ्याच्या गुठळीत शिरून ओली निघते. लांब लाकडी काडी वापरल्यावर थोडा फरक पडला, पण भरवसा वाटेना.

खरं उत्तर दोन थर्मामीटरनी दिलं. पहिला ओव्हनच्या आत जाळीवर ठेवायचा. बटण १८० वर होतं, तापल्याचा दिवा विझला होता आणि आतला काटा १६० च्या आसपास! तो काटा बघून इतकी सुटका वाटली, की काय सांगू. दिवा विझतो म्हणजे आतली हवा एकदा तापली, एवढंच. भिंती आणि जाळ्या तापायला अजून वेळ लागतो आणि दार उघडलं की गार हवा आत शिरते ती वेगळी. दिवा विझल्यावर मी आता आणखी १५ मिनिटं थांबते आणि काटा बघूनच टिन आत ठेवते. घरच्या ओव्हनचं बटण आणि आतलं खरं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक असणं अगदी सर्रास आहे. तुमचा ब्रेड मधे कच्चा राहत असेल तर पाककृती बदलण्याआधी हे तपासा.

दुसरा थर्मामीटर सुईवाला. त्याची सुई भेगेतून तिरकी मध्यापर्यंत घालायची. ९३ ते ९६ अंश सेल्सिअस दिसलं की ब्रेड झाला, मग घड्याळ काहीही म्हणो. ८५ च्या आसपास असताना वरून अगदी तयार दिसणारा ब्रेडही आत ओला असतो. माझ्याकडे ९५ यायला तासाच्या वर वेळ लागतो. ४५ मिनिटांत मी आजवर एकदाही तिथे पोचलेली नाही.

सुईवाला थर्मामीटर नसेल तर भेगेकडे नीट बघा. भेगेतला भाग ओलसर चमकतो आहे तोवर काडी टोचायची घाईच करू नका. ती चमक जाऊन तिथे कोरडी, मातकट छटा आली, की मग तपासा.

कडा करपण्यावरचा उपाय सोपा निघाला. वरचा रंग हवा तेवढा आला की, साधारण ४० मिनिटांनी, अॅल्युमिनिअम फॉइल सैलसर झाकायची. गडद रंगाचा टिन असेल तर तापमान १० अंश कमी ठेवा, कारण तो उष्णता जास्त शोषतो. आणि टिन खालच्या-मधल्या जाळीवर ठेवा.

केळ्यांचं सांगायचं राहिलं, आणि माझा दुसरा राग तिथेच आहे. ‘तीन केळी’ हे माप होऊ शकत नाही. तीन लहान केळ्यांचा गर आणि तीन मोठ्यांचा गर यांत सहज १०० ग्रॅमचा फरक पडतो आणि केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे ७५ ग्रॅम पाणी जास्त, तेही बरोबर त्याच मधल्या भागात अडकणार. वजन करा. माझं प्रमाण असं: ३०० ग्रॅम गर, २०० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम बटर, २ अंडी, १ सपाट छोटा चमचा बेकिंग सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. टिन ९ बाय ५ इंचांचा, ओव्हन १७५ अंशांवर, बटणाच्या नव्हे, काट्याच्या. फ्रीजरमधली केळी वापरत असाल तर वितळल्यावर खूप पाणी सुटतं. त्यात चव आणि गोडवा असतो, म्हणून ते ओतून न देता गरातच धरून वजन करा.

सोड्यावरून आठवलं, मिश्रण तयार झाल्यावर टिन बाजूला ठेवून दुसरं काही करत बसू नका. केळ्यातल्या आम्लाशी सोड्याची क्रिया लगेच सुरू होते आणि बुडबुडे वाट बघत नाहीत. म्हणूनच ओव्हन तापल्यावरच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं.

भाजून झाल्यावर दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर. पूर्ण निवेपर्यंत कापायचा नाही. हे मला सगळ्यात जड जातं, पण गरम कापलेला ब्रेड पूर्ण शिजलेला असला तरी चिकटच लागतो, आतला स्टार्च निवतानाच घट्ट बसतो. कच्चा आणि गरम यांत गल्लत होऊ नये म्हणून तरी थांबा. दुसऱ्या दिवशी तो आणखी ओलसर आणि चवीला सरस लागतो, तेव्हा आदल्या रात्रीच करून ठेवलेला बरा.

आता मी मधला काप आधी कापते आणि तोच पाहुण्यांच्या बशीत ठेवते, मला त्याचा अभिमान आहे. एवढा वेळ नसेल तर हेच मिश्रण मफिनच्या साच्यांत घाला. मध्य कडेपासून लांब नसल्यामुळे २० मिनिटांच्या आसपास होतात आणि तिथे टूथपिकवर विश्वास ठेवायला हरकत नाही.